बाटलीतला एक खडा

१

माणसाचं पित्ताशय काढलं की डॉक्टर मोकळे होतात आणि माझं काम सुरू होतं. वर्षभर मी त्या माणसाच्या मागे असते. ताप येतो का, डोळे पिवळे दिसतात का, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते का, टाके कसे आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन केल्यावर पुढे काय काय बिघडू शकतं, याचं संशोधन आमच्या दवाखान्यात चालू आहे. त्या संशोधनाचं डोकं म्हणजे डॉक्टर योगेंद्र, आणि पाय म्हणजे मी, जागृती भोयर. ते एसी हॉलमध्ये भाषणं देतात, मी देवळीच्या रस्त्यावर पंक्चर काढून घेते. तक्रार करत नाहीये, नुसतं सांगतेय.

वर्ध्यात मे महिन्यात स्कूटीवर उघड्या तोंडाने फिरणारी बाई एक तर परगावची, नाहीतर भैताड. डोक्यावरून, नाकावरून दुपट्टा घट्ट आवळायचा, मागे गाठ मारायची, वर गॉगल, हातात मोजे. सख्खी बहीण शेजारून गेली तरी कळत नाही. लोक आम्हाला गाडीवरून आणि दुपट्ट्याच्या रंगावरून ओळखतात. माझा दुपट्टा जांभळा, गाडी पांढरी, खांद्याला दवाखान्याची निळी पिशवी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला याच गोष्टीवर समजावत होते.

दुसरं म्हणजे बाटली. ऑपरेशन झालं की आमच्याकडे पित्ताशयातून निघालेले खडे एका छोट्या पारदर्शक बाटलीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. खरंच काही काढलं की नुसतंच पोट फाडलं, अशी शंका राहायला नको म्हणून. लोक ती बाटली जपतात. कोणी टीव्हीवर ठेवतं, कोणी देवाजवळ. पाहुणा आला की चहाच्या आधी बाटली समोर येते. "पाहा, हे होतं माह्या पोटात." मग पाहुण्याने "बापरे" म्हणायचं. मी तर दिवसातून कितीदा म्हणते, आता त्या 'बापरे'त काही जीव उरलेला नाही.

आमच्याही घरी एक बाटली आहे, माझ्या मायची. मार्चमध्ये तिचंही ऑपरेशन झालं आणि एकच खडा निघाला, बोराच्या बियेएवढा, पिवळसर, एका बाजूने चपटा. रुख्मिणी भोयर, आमच्या संशोधनातला एक रुग्ण. तिचं हृदय अशक्त आहे. भुलीच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "या वेळी निभावलं. पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ देऊ नका." आता हे माझ्या हातात असतं तर काय पाहिजे होतं! तेव्हापासून तिच्या पोटात जरा गुरगुरलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. घरात आम्ही दोघीच आहोत. तिला काही झालं तर मी संध्याकाळी कोणाच्या घरी जाणार?

२

पुंडलिकरावांचं देवळीत हार्डवेअरचं दुकान आहे आणि मागेच घर. मी दुपट्टा सोडत आत शिरले तर ते खिळे तोलता तोलता म्हणाले, "काय राह्यलं व मॅडम? इसरल्या का काई?"

"मी आत्ताच येतेय, काका."

"घ्या! सकाऊन येऊन गेलत्या न तुमी. अथीच बसल्या, कूलरसमोर. गोळी नाई का देल्ली मले?"

मला हसूच आलं. रुग्णाला गोळी द्यायची आम्हाला परवानगीच नाही. पॅरासिटामॉल दिली तरी डॉक्टर योगेंद्र मला उभं जाळतील.

"मी गोळ्या देत नाही. दुसरी कोणी असेल."

"दुसरी कायची? हाच दुपट्टा, हेच पिशवी. आता तोंड काई दिसलं नाई बाप्पा. घरात आल्या तरी दुपट्टा सोडला नाई. म्या म्हटलं, असन बाईले काई."

"आणि ती दिलेली गोळी तुम्ही खाल्ली?"

"आता दवाखान्याची गोळी कोन फेकते? टणक होती लेकाची. घशात अटकली जराशीक."

माझं डोकं फिरलं. कोण ही भवानी, माझ्या भागात, माझ्या रंगाचा दुपट्टा बांधून, माझ्या रुग्णांना गोळ्या वाटत फिरते? एखाद्या औषध कंपनीची असणार, नाहीतर कुठल्या खासगी दवाखान्याची. मी नेहमीचे प्रश्न विचारले. काही त्रास नव्हता. मग रीतीप्रमाणे त्यांच्या बायकोने बाटली आणली आणि माझ्यासमोर खळखळ हलवली.

पुंडलिकरावांच्या बाटलीत लहान लहान खड्यांच्या मधे एक करडा, टोक तुटलेला मोठा खडा असायचा. त्याला ते 'सरपंच' म्हणायचे. मी बाटली उजेडात धरली. सगळे होते, सरपंच नव्हता.

"सरपंच कुठे गेला?"

"गेला असन मुंबईले," असं म्हणून ते स्वतःच खदाखदा हसले. "असन न तथीच, खाली बसला असन."

तो खाली बसला नव्हता. पण बाटलीतल्या खड्याची चौकशी किती करायची? मी "बापरे" म्हटलं आणि निघाले.

३

त्याच आठवड्यात पुंडलिकराव पिवळे होऊन दवाखान्यात आले.

"राहून गेलेला खडा," डॉक्टर योगेंद्रांनी सोनोग्राफीवर बोट ठेवलं. "ऑपरेशनच्या आधीच तो पित्ताच्या नळीत सरकलेला असतो. आपण पिशवी काढतो, हा लेकाचा नळीतच बसून राहतो. काही जणांना होतंच. म्हणून तर आपलं संशोधन आहे, जागृतीताई."

मी त्यांना त्या बाईबद्दल सांगितलं. गोळीबद्दलही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही उन्हात फार फिरता. पाणी पीत जा."

तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी तो खडा काढला आणि आमच्या पद्धतीप्रमाणे ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवायला दारात आणला. पुंडलिकरावांची बायको पुढे झाली. मी तिच्या मागेच उभी होते.

"अवं, हा त सरपंच!" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

करडा, टोक तुटलेला. मीही हसले. दुसरं काय करणार? गिळलेली वस्तू पोटात जाते, आतड्यात जाते, आणि कुठे जाते ते सगळ्यांना माहीत आहे. ती पित्ताच्या नळीत उलटी चढत नाही. एवढं शास्त्र मलाही कळतं. करडे खडे सारखे दिसतात आणि टोकं कोणाचीही तुटतात. रात्रभर मी हेच घोकत होते. सकाळी उठल्या उठल्या आधी टीव्हीजवळ गेले आणि मायची बाटली बघितली. खडा होता.

"काय पाह्यतं व त्यात सारखं?" मायने विचारलं.

"काही नाही. तुला कोणी गोळी दिली तर खाऊ नको. माझ्याशिवाय कोणाच्याही हातून नाही."

"तुह्याशिवाय कोन देते मले?" ती म्हणाली.

४

गिरडच्या पलीकडे टेकडीच्या अंगाला कोलाम आदिवासींचा एक पोड आहे, दहा-बारा घरांची वस्ती. तिथे धुरपता राहते. वय लहान, पण अंगात सिकलसेल हा रक्ताचा आजार, आणि त्यात कमी वयातच खडे धरतात. तिचे खडे बारीक, कोळशासारखे काळे. धुरपता फार बोलत नाही. तिचा नवरा जंगू मात्र बोलका.

मी अंगणात गाडी लावली. शेणाने सारवलेलं अंगण, कुडाची भिंत, आत गार अंधार. जंगूने मला बघितलं आणि बायकोशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. धुरपता उठून उभी राहिली. खाटेच्या मागे गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"थे भेते," जंगू म्हणाला. "मंगाशी तू बाटली कानाजवळ धरून हालवत बसलीस न. लय येळ. बोलावं त बोलं नाईस. मंग त्यातलंच एक काढून तिच्या हातावर ठेवलं. म्हणे गीळ."

"मग?" मी विचारलं.

"तिनं तोंडात धरलं. तू गेलीस अन् थुकलं तिनं."

धुरपताने खाटेमागून हात पुढे केला. तळहातावर एक काळा बारीक खडा होता. तिने तो माझ्या डोळ्यांदेखत बाटलीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. बाटली मात्र माझ्या हातात दिली नाही.

"जंगू, नीट ऐक," मी म्हटलं. "ती मी नव्हते. दुसरी बाई आहे. माझ्यासारखा दुपट्टा बांधते. तोंड झाकलेलं असतं म्हणून तुम्हाला वाटतं—"

"तोंड कुठी झाकलं होतं? पानी पेलीस न अथी बसून. दुपट्टा सोडून. तूच होतीस."

"माझ्यासारखी दिसत होती?"

"तूच," तो म्हणाला, जरा चिडूनच. "मी काय आंधळा हाये?"

खाटेशेजारी माठ होता, त्याच्यावर उपडा ठेवलेला स्टीलचा पेला. पेला अजून ओला होता. मी काही न विचारता बाहेर आले. कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

५

आता तुम्ही म्हणाल, बाई, तूच गेली असशील आणि विसरली असशील. मीही तेच म्हणत होते. गाडी लिंबाच्या सावलीत लावून मी सकाळ आठवायला बसले. घरून निघाले, मायने पाण्याची बाटली दिली. जाम गावच्या चौकात चहा घेतला. चहावाल्याच्या बाकाचा एक पाय डुगडुगत होता, ते आठवतं. मग गिरडकडे वळले. आता, वळले म्हणजे वळलेच असणार, नाहीतर इथे कशी पोचले? पण मधला रस्ता काही केल्या आठवेना. रोजचा रस्ता कोणालाच आठवत नाही हो! तुम्ही आठवून बघा.

पिशवी उघडून बघितली. फॉर्म, पेन, थर्मामीटर, अर्धी संपलेली पाण्याची बाटली, शेंगदाण्याच्या चिक्कीचा कागद. कसलाही खडा नव्हता. मला एवढं बरं वाटलं की मी मोठ्याने "हे बघ" म्हणाले. कोणाला म्हणाले, देव जाणे.

सेलूत आमच्या संशोधनातल्याच दिपालीची भेट बाकी होती. मी फोन केला.

"ताई, आता कायले फोन करता?" ती म्हणाली. "आता त गेल्या तुमी. गाडीचा आवाज येऊन राह्यला अजून."

"दिपाली, तुला गोळी दिली का?"

"नाई. म्या मांगितली त म्हणाल्या, आज घाई हाये. आज घरी जाचं हाये म्हणाल्या, मायकडे."

मी फोन कधी ठेवला ते कळलं नाही. मायला लावला. रिंग वाजत राहिली. दुपारी कूलर चालू असला की तिच्या कानाशी बँड वाजवला तरी ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी लावतच राहिले. शेजारच्या प्रमिलाबाईंना लावला, तर त्या लग्नाला चंद्रपूरला. गाडीला किक मारली. रस्ता तापलेला, सगळीकडे पळसाची सुकलेली पानं, पुढे ट्रक, आणि मी एका हाताने गाडी धरून दुसऱ्या हाताने फोन दाबत होते. "उचल न माय. उचल न व."

वर्ध्यात शिरताना पुढे एक पांढरी गाडी दिसली. जांभळा दुपट्टा, खांद्याला निळी पिशवी. ती शांत चालली होती, घाई असलेल्या बाईसारखी मुळीच नाही. मी वेग वाढवला, अंतर कमी होईना. कमी केला, तरी तेवढंच. एवढ्या वाहनांच्या गोंगाटात मला तिच्या पिशवीतून आवाज येत होता. काचेच्या बाटलीत खडे हलवल्यासारखा, खळखळ, खळखळ. ती आमच्या गल्लीकडे वळली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी भाजीचा हातठेला आडवा आला. तो बाजूला होईपर्यंत पुढची गल्ली रिकामी झाली होती.

६

आमचं फाटक बंद होतं, आतून कडी. अंगणात कोणतीच गाडी नव्हती. मी वरून हात घालून कडी काढली, आत जाऊन पुन्हा लावली.

माय कूलरसमोर चटईवर आडवी झाली होती. खोलीत वाळ्याचा वास, पडदे लावलेले, टीव्ही मुका चालू. टीव्हीवर बाटली. बाटलीत खडा. बोराच्या बियेएवढा, पिवळसर, एका बाजूने चपटा.

"कोणी आलं होतं?" मी ओरडून विचारलं. कूलरच्या आवाजात ओरडावंच लागतं.

"कोन येते व एवढ्या उन्हाचं?"

"कोणीच नाही? गोळी कोणी दिली?"

"कायची गोळी? झोपली होती न मी. तू येवढी काऊन घाबरली?"

मी तिच्याशेजारी चटईवर बसले आणि रडले. अगदी लहान पोरीसारखी. वेळेवर पोचले होते. जे काय होतं ते, कोण होती ती, मला आता काही नको होतं. ही बाटली नाल्यात फेकायची, नोकरी गेली चुलीत, आणि माझी माय माझ्याजवळ. मी उठून टीव्हीवरची बाटली घेतली आणि मुठीत घट्ट धरली. तिच्या बिचाऱ्या पोटातून निघालेली एवढीशी वस्तू, आणि मी तिला असं धरून होते जसं काही ती पळून जाणार आहे.

मायने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "उन्हाचं फिरून डोकसं तापलं तुह्यं. पानी पे. अन् माही बीपीची गोळी दे. दुपारची राह्यली पाह्य."

आता हे मी रोज करते. डब्यातून गोळ्यांची पट्टी काढायची, एक गोळी दाबून बाहेर काढायची, तिच्या हातावर ठेवायची, माठातलं पाणी द्यायचं. मी ते केलं आणि पुन्हा तिच्याशेजारी बसले. तिने मान वर करून गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि तोंड वाकडं केलं.

"मोठी हाये व आजची," ती म्हणाली. घसा चोळला. "टणक."

त्याच वेळी लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. त्याच्या मागे इतकी शांतता असेल असं मला वाटलं नव्हतं. नळातून थेंब पडत होता, तोही ऐकू आला.

मी हातातली बाटली हलवली. आवाज आला नाही.

झाकण माझ्या मांडीवर पडलं होतं. मी ते उघडलं नव्हतं. चटईवर गोळ्यांची पट्टी होती, आणि तिच्यातली एकही गोळी कमी झालेली नव्हती. मी पट्टीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मी दाबली होती. अंगठ्याला तिचं ते फटकन फुटणं अजून जाणवत होतं.

"माय, थुक," मी म्हटलं. "माय, ओकून टाक, बोट घाल तोंडात—"

ती माझ्याकडे बघत होती. बोट उचलून माझ्या तोंडाकडे दाखवलं.

"दुपट्टा त सोड न व. घरात आली तरी काऊन बांधून बसली?"

मी फाटकातून आत आल्यावर सोडला होता की नाही? गिरडला सोडला होता का? देवळीत?

बाहेर स्कूटी येऊन थांबली. स्टँड लावल्याचा आवाज. फाटकावरून कोणीतरी हात आत घातला, कडी धडपडत सरकवली, आणि धापा टाकत, रडवेल्या आवाजात हाक आली. "माय व! माय, कोणी आलं होतं का? गोळी नको खाऊ!"

तो माझाच आवाज होता. तो उशिरा आला होता.

मायने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि चटईवरून जरा मागे सरकली, अनोळखी पाहुणीला जागा द्यावी तशी.

"बसा बाई तुमी," ती मला म्हणाली. "माही पोरगी आली वाटते."

मी दुपट्टा सोडायला दोन्ही हात मागे नेले. डोक्यामागे बोटं फिरवत राहिले. गाठ कुठेच लागत नव्हती.